कुलूप शाबूत, मजकूर मात्र बाहेर

दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या सुमारास आमच्या घरात एक अप्रिय प्रसंग घडला. त्याची हकीकत सांगितल्यावाचून या लेखाचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानी येणार नाही, म्हणून ती प्रथम सांगतो. जिची ही हकीकत आहे त्या मुलीची अनुमती आम्ही घेतली आहे, आणि तिच्याच इच्छेवरून गावे व काही तपशील बदलले आहेत.

आमच्या थोरल्या ताईंच्या कन्येचा विवाह बडोद्याच्या एका घराण्यात ठरत आला होता. पत्रिका जुळली होती, मुलामुलीची दोनदा भेट झाली होती, उभय पक्षांची पसंती होती. मुलीला लहानपणी, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी, फिट्स येत असत. औषधोपचाराने त्या थांबल्या आणि डॉक्टरांच्याच सल्ल्याने औषधे बंद होऊन आता बारा वर्षे लोटली. ही गोष्ट वरपक्षापासून लपवावयाची नव्हती; ती केव्हा सांगावी आणि कोणी सांगावी, एवढाच प्रश्न होता. त्याविषयी ताईंनी ग्वाल्हेरच्या धाकट्या बहिणीला व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिले आणि तिचे मत विचारले. आठ दिवसांच्या आत बडोद्याहून फोन आला. ही गोष्ट आपणांस बाहेरून कळावी याचे वाईट वाटते, असे सांगून त्या मंडळींनी बोलणी थांबविली.

ताईंनी प्रथम धाकटीला दोष दिला. आपण बडोद्याच्या कोणाशीही चकार शब्द काढलेला नाही, असे धाकटीने शपथेवर सांगितले. तेव्हा ताई म्हणाल्या, "मग ती कंपनीच सगळे वाचत असणार. कुलूप लावले आहे असे वर लिहितात, ते आपल्यासारख्यांना गाफील ठेवायला!" परंतु धाकटीवरचा संशयही त्यांच्या मनातून पुरता गेला नाही. त्या वर्षीच्या भाऊबिजेला दोघी बहिणी एका वेळी आमच्या घरी आल्या नाहीत.

आम्ही काही यंत्रज्ञ नव्हे. तथापि या अबोल्याचे मूळ ज्या कुलपाशी येऊन थांबले होते, ते कुलूप खरे की खोटे याची चौकशी करणे आम्हांला अगत्याचे वाटले. आपली मध्यभारतातील मराठी कुटुंबे आज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, पुणे आणि सातासमुद्रापलीकडेही विखुरलेली आहेत. घरातील आजार, देणी-घेणी, वाटण्या, सोयरिकी, सारे काही याच मार्गाने बोलले जाते. तेव्हा ही चौकशी केवळ आमच्या घरापुरती नाही.

पोस्टकार्ड आणि पाकीट

आमच्या लहानपणी पत्राचे दोन प्रकार असत. पोस्टकार्ड टपालवाल्यापासून वाड्यातील बिऱ्हाडकरूंपर्यंत कोणीही वाचू शके, म्हणून त्यात खुशालीखेरीज काही लिहीत नसत. नाजूक मजकूर बंद पाकिटात जाई. आणि फारच नाजूक असेल तर वडील मंडळी 'अधिक समक्ष भेटीअंती' एवढेच लिहून लेखणी खाली ठेवीत. पाकीटही वाटेत फोडले जाऊ शकते, हे त्या पिढीला ठाऊक होते.

आपल्या माळव्याच्या भूमीवरच याचा एक दारुण दाखला घडला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अनर्थ झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे येत असता, भेलशाजवळ एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. त्यात सरदारांना मोत्यांची, इतर मातब्बरांना मोहरांची आणि सामान्य शिपायांना खुर्द्याची उपमा देऊन हानी कळविली होती. शब्द झाकलेले होते; पण पत्र ज्याच्यासाठी लिहिले त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिसऱ्याने वाचले, आणि वाचणाऱ्याला अर्थ कळावयास क्षणही लागला नाही. गुप्त लेखनाची जुनी अडचण हीच होती. संकेत सोपा असेल तर तो कोणीही उकलतो. आणि अवघड असेल तर त्याची किल्ली आधी दुसऱ्या टोकाला पोहोचवावी लागते, आणि ती पोहोचविताना तीच चोरीला जाण्याचे भय असते.

कुलूप कसे चालते

ही अडचण १९७६ साली सुटली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध करून अशी रीत दाखविली की, जीत गुप्त किल्ली कोणाकडे पाठविण्याची गरजच उरत नाही. घरगुती उदाहरण घेऊ. खिटी दाबताच बंद होणारी उघडी कुलपे आपण साऱ्या गावात वाटून ठेवली आणि त्यांची किल्ली मात्र स्वतःच्या कनवटीला ठेवली, असे समजा. ज्याला आपणांस काही पाठवायचे असेल त्याने ते पेटीत घालावे, आपले कुलूप लावावे आणि पेटी रवाना करावी. कुलूप लावणाऱ्यालाही ते पुन्हा उघडता येत नाही, मग पेटी वाहणाऱ्याची कथा काय? संगणकात हे कुलूप लोखंडाचे नसून प्रचंड संख्यांच्या गणिताचे असते, एवढाच फरक.

मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी याच तत्त्वावर पुढे जी पद्धती बांधली, ती 'सिग्नल प्रोटोकॉल' या नावाने प्रसिद्ध आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने ती आपल्या सर्व वापरकर्त्यांसाठी लागू केली. हिलाच 'एंड टू एंड एन्क्रिप्शन' म्हणतात. पाठविणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूप लागते आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच ते उघडते. मधल्या कंपनीच्या यंत्रातून केवळ बंद पेटी जाते. शिवाय या पद्धतीत किल्ल्या सतत बदलत राहतात. एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली तरी तिने मागचा पत्रव्यवहार उघडत नाही. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांच्यासाठी प्रत्येक संभाषणामागे ६० अंकांचा एक क्रमांक ठेवलेला असतो. दोघांच्या फोनवर तो सारखाच दिसला म्हणजे मध्ये तिसरा कोणी नाही.

हे कुलूप जगभरच्या गणितज्ञांनी तपासून पाहिले आहे, आणि ते पक्के आहे असाच त्यांचा अभिप्राय आहे. अतएव ताईंचा मजकूर कंपनीने पेटी उघडून वाचला आणि तो बडोद्यास कळविला, हा तर्क टिकत नाही. ताईंना हे पटविण्यास आम्हांला एक दुपार लागली. मात्र येथेच थांबणारा मनुष्य स्वतःची फसवणूक करून घेईल. कुलूप वाटेवरचे आहे, आणि घरे दोन्ही टोकांना आहेत.

एक खुलासा अवश्य करावा लागेल. सर्वच ॲप या अर्थाने कुलूपबंद नसतात. टेलिग्रामवरील नेहमीचे संभाषण असे टोकापासून टोकापर्यंत बंद नसते. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' मुद्दाम उघडावे लागते, आणि तेथील ग्रुपना ती सोयच नाही. टेलिग्राम म्हणजे सर्वांत गुप्त, ही जी समजूत तरुण मंडळींत आढळते, ती निराधार आहे.

पाकिटाच्या वरची बाजू

आतला मजकूर झाकला तरी पाकिटावरचे नाव, गाव आणि शिक्का झाकत नाही. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळा लिहिले, कोणत्या ग्रुपात कोण आहे, फोन कोठून जोडला गेला, या माहितीला 'मेटाडेटा' असे म्हणतात. मध्यरात्री एखाद्याने प्रथम रुग्णालयाला, मग भावाला, मग पुरोहिताला फोन केला, तर काय घडले हे कळण्यास संभाषण ऐकावे लागत नाही. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी २०१४ साली जाहीर सभेत कबूल केले की, आपले सरकार अशा वरवरच्या माहितीच्या आधारे माणसे ठारही मारते.

ही माहिती किती साठवायची, यात ॲपाॲपांत फरक आहे. २०१६ साली अमेरिकेतील एका न्यायालयीन चौकशीत 'सिग्नल'च्या संस्थेकडे एका ग्राहकाची सर्व माहिती मागण्यात आली. खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले, एवढ्या दोनच गोष्टी त्यांना देता आल्या, कारण बाकी काही त्यांनी साठविलेच नव्हते. व्हॉट्सॲपकडे यापेक्षा पुष्कळ अधिक माहिती राहते, आणि ती कंपनी २०१४ साली फेसबुकने विकत घेतलेली आहे, हे विसरून चालणार नाही. तसेच आपण एखाद्या संभाषणाची तक्रार केली तर समोरच्याचे शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. आणि त्याच ॲपमधील कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यकाला जे विचारावे ते कंपनीकडेच जाते, कारण तेथे दुसरे टोक म्हणजे कंपनीच असते.

माळ्यावरची पेटी

दुसरी फट बॅकअपची. फोन हरवला तरी जुने संदेश परत मिळावेत म्हणून त्यांची नक्कल गूगल किंवा ॲपल यांच्या कोठारात ठेवली जाते. वाटेवर कुलूप आणि माळ्यावरची पेटी उघडी, असा हा प्रकार कित्येक वर्षे चालला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून या नकलेलाही कुलूप लावण्याची सोय व्हॉट्सॲपने दिली. परंतु ते कुलूप आपण होऊन लावावे लागते, आणि त्याचा परवलीचा शब्द विसरल्यास कंपनीही पेटी उघडून देऊ शकत नाही. आमच्या परिचयाच्या घरांत आम्ही विचारून पाहिले. ही सोय आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हते.

२०२० साली मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील काही व्यक्तींची जुनी संभाषणे दूरचित्रवाणीवर झळकली, तेव्हा व्हॉट्सॲपचे कुलूप फुटल्याची आवई उठली. वस्तुतः कुलूप कोणीही फोडले नव्हते. तपास यंत्रणेच्या हाती फोन आले की त्यातील साठा, त्याच्या नकला आणि बॅकअप यांतून जुना मजकूर मिळविता येतो, आणि वाटेवरच्या कुलपाचा त्याला कोणताच अडसर होत नाही.

याहून भयंकर म्हणजे फोनच पोखरणारी हेरप्रणाली. इस्राएलमधील एनएसओ या कंपनीच्या 'पेगॅसस'ने २०१९ साली व्हॉट्सॲपच्या कॉलमधील एका दोषाचा लाभ घेऊन सुमारे १,४०० फोनांना लक्ष्य केले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. एकदा ती आत शिरली म्हणजे आपण जे पडद्यावर वाचतो तेच ती वाचते. व्हॉट्सॲपने दावा लावला. २०२५ च्या मे महिन्यात ज्यूरीने सुमारे १६.८ कोटी डॉलरांची भरपाई ठोठावली. ऑक्टोबरात न्यायाधीशांनी ती रक्कम पुष्कळच घटविली, पण व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यास त्या कंपनीला मनाई केली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. २०२२ साली तिने कळविले की, पाचांत काहीतरी घातक प्रणाली आढळली, मात्र ती पेगॅससच होती असे निश्चित म्हणता येत नाही.

अशी महागडी हत्यारे सामान्य गृहस्थाच्या फोनवर कोणी वाया घालवीत नाही. आपला फोन उघडा पडतो तो साध्या कारणांनी. झेरॉक्सच्या दुकानात कागद छापून घेताना तेथील संगणकाला जोडलेले व्हॉट्सॲप तसेच राहून जाते. जुना फोन न पुसता विकला जातो. आलेल्या संदेशाची पहिली ओळ बंद पडद्यावरही झळकते.

सरकारचा प्रश्न

या कुलपाला दुसरीही बाजू आहे, ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, पोटासाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. अशा अफवा व्हॉट्सॲपवरूनच पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर बंदी घातली. २०२१ च्या नियमांनी सरकारने त्याहून पुढचे पाऊल टाकले. गंभीर गुन्ह्यांत रीतसर आदेश मिळाल्यावर संदेशाचा मूळ कर्ता कोण हे मोठ्या कंपन्यांनी सांगितले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. हे करावयाचे तर सर्वांचेच कुलूप मोडावे लागेल, असे म्हणून व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि तशी सक्ती झाल्यास आम्हांला येथून जावे लागेल, असे २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या वकिलांनी तेथे सांगितले.

हा वाद नवा नाही. टपाल उघडण्याचा अधिकार इंग्रजी अमदानीतील १८९८ च्या कायद्यातही होता. १९८६ साली तो वाढविणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. राईनपाड्याच्या त्या पाच कुटुंबांना न्याय मिळावा, आणि आमच्या ताईंच्या पत्रावर कोणाचा पहाराही नसावा, ही दोन्ही मागणी रास्त आहेत. त्यांचा मेळ घालणारे कुलूप अजून कोणी घडविलेले नाही.

शेवटची फट

आता उरते ती सर्वांत जुनी फट, म्हणजे दुसऱ्या टोकाचा मनुष्य. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी येमेनवरील हवाई हल्ल्याची चर्चा सिग्नलच्या एका ग्रुपात केली. त्या ग्रुपात राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या खात्यावरून एका मासिकाचे संपादक चुकून घेतले गेले होते. जगातील उत्तम कुलपाआडची चर्चा ते संपादक स्वस्थपणे वाचीत होते, कारण त्यांच्या हाती किल्ली रीतसर देण्यात आली होती.

आमची चौकशी येथवर आली तेव्हा या साऱ्या फटी आम्ही एका कागदावर लिहून काढल्या आणि ताईंचा मजकूर कोणत्या वाटेने गेला असेल ते एकेक करून पाहू लागलो. धाकटीचा फोन तपासला. कोठेही परका संगणक जोडलेला नव्हता. मग तिलाच विचारले, की हा मजकूर तू आणखी कोणाला दाखविलास काय? ती म्हणाली, "दादा, तुलाच तर पाठविला होता. वैद्यकीय दृष्टीने काही अडचण नाही ना, एवढे कोणाला तरी विचारून सांग, म्हणून."

आम्ही आपला फोन काढून मागे मागे जात पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. तो मजकूर आम्ही जसाच्या तसा, मुलीच्या नावासह, एका परिचित डॉक्टरांना पाठविला होता. चिंतेचे काही कारण नाही, असे त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले होते, आणि ते धाकटीला कळवून आम्ही सारेच विसरून गेलो होतो. डॉक्टरांकडे आम्ही समक्ष गेलो. त्यांचा फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेला असतो. नाव आणि आजार, दोन्ही पहिल्याच ओळीत होते. घरातील एका व्यक्तीचे माहेर बडोद्याचे. त्या व्यक्तीनेही वाईट हेतूने काही केले नव्हते. स्थळ ओळखीचे निघाले म्हणून सहज बोलणे झाले होते. हे सांगताना डॉक्टर फार खजील झाले. त्यांच्यापेक्षा आम्ही अधिक झालो.

दोन्ही बहिणींना एकत्र बोलावून आम्ही हे सांगितले. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी धाकटीसाठी चहा टाकला. गेल्या भाऊबिजेला दोघी एका वेळी आल्या.

भाचीची क्षमा मागणे मात्र इतके सोपे गेले नाही. अपस्माराचा उल्लेख हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून १९९९ सालीच काढून टाकण्यात आला आहे, समाजाची भीती हळूहळू जाईल, असे काहीबाही आम्ही तिला सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, आईने मावशीला विचारले, मावशीने तुम्हांला विचारले, तुम्ही डॉक्टरांना विचारलेत. मला कोणी विचारलेच नाही. तिसऱ्या भेटीत मी स्वतः त्यांना सांगणार होते."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

वाचकांनी आपापल्या फोनमध्ये बॅकअपला कुलूप लावावे, जोडलेली यंत्रे महिन्यातून एकदा पाहावीत, बंद पडद्यावर मजकूर दिसू नये अशी व्यवस्था करावी, सहा अंकी पिन ठेवावा. हे सर्व आम्ही आता करतो, आणि त्याचा उपयोग आहे. त्याखेरीज एक सवय आम्ही नव्याने लावून घेतली आहे. दुसऱ्याविषयीचा मजकूर पुढे पाठविण्यास बोट उचलले की, ज्याची ती गोष्ट आहे त्याला आधी फोन करतो. पुष्कळदा तो नको म्हणतो, आणि मग तो मजकूर आमच्याकडेच राहतो.